सव्वा व्होल्ट

रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर जोडून देते, बिघडलेले उघडते. आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक असं येतं, ज्याला प्रोसेसर पळवायचा असतो, बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त. कुठेतरी व्हिडिओ बघितलेला असतो. काउंटरवर कोपर टेकून पहिला प्रश्न ठरलेला, "किती व्होल्ट दिले तर चालतात?"

या "चालतात"ची मला चीड आहे. चालायला काय, दीड व्होल्टवरही चालतो. महिनाभर चालतो, सहा महिने चालतो, तेवढ्यात व्हिडिओवाला व्हिडिओ टाकून मोकळा होतो. रोज सकाळी चालू करून दिवसभर ज्याच्यावर पोट भरायचं त्याला किती द्यायचे, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. प्रोसेसर कुठला, पंखा कसला, खोली किती तापते, काम दिवसभर जड असतं की अधूनमधून, सगळं विचारावं लागतं. लोकांना हे विचारलेलं आवडत नाही. त्यांना आकडा हवा असतो. मी जरा आवाज चढवला की "बाईंना राग लवकर येतो" म्हणत निघून जातात. येतो बाबा राग. याच गोष्टीपायी माझं पेणचं घर सुटलं.

माझे वडील इथल्याच एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. घरी शिफ्ट संपवून आले की त्यांच्या अंगाला कसला तरी आंबूस वास यायचा आणि तोंडी दाब-तापमान दाखवणाऱ्या काट्यांच्या गोष्टी असायच्या. कुठला काटा कुठे होता, कुणी तो कुठे नेऊन ठेवला. लाल रेषा ही पोचायची जागा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. मी डिप्लोमा केला, दोन वर्षं रोह्यातच एका दुकानात मशीन जोडल्या, आणि मग माझं लग्न पेणला गणपतीच्या कारखान्यात झालं. कारखान्यात म्हणते, कारण पेणला कारखाना म्हटलं की गणपतीचाच. पुढे घर, मागे कारखाना, आणि घरातून कारखान्यात जायला एक आडवं दार. त्या दारातून माणसं दिवसभर जा-ये करतात आणि कुठलं भांडण घरातलं, कुठलं धंद्याचं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

नव्या सुनेला घासकाम मिळतं. साच्यातून निघालेल्या मूर्तीला जोडाची रेघ असते, ती पॉलिश पेपरने घासून काढायची. पांढरी धूळ नाकातोंडात, केसांत, संध्याकाळी चहातसुद्धा. घासकाम घरातल्या बायका करतात, पांढरा रंग मारतात, शिकल्यासवरल्या बायका मुकुटाला सोनेरी लावतात. डोळे मात्र सासऱ्यांच्या हातचे. त्याला आखणी म्हणतात. आखणीला बसले की सासरे कुणाशी बोलत नसत, आणि हजारभर मूर्ती रांगेत आंधळ्या बसून त्यांची वाट बघत असत. त्यांचा हात मोठाच होता, ते मी नाकारत नाही. मला आखणी नको होती. मला नुसतं घासकामातून सुटायचं होतं.

ती सुटका मला कॉम्प्युटरने दिली. तोवर नव्या नमुन्यासाठी बाहेरून मूर्तिकार बोलवत. मी सासऱ्यांना म्हटलं, मी कॉम्प्युटरवर मूर्ती घडवून दाखवते, चारही बाजूंनी फिरवून दाखवते, व्यापाऱ्याला पसंत पडली तरच पनवेलहून थ्री-डी प्रिंटरवर तिचा नमुना छापून आणू आणि त्यावर रबराचा साचा करू. पसंत नाही पडली तर माती गेली नाही, मजुरी गेली नाही. सासऱ्यांना मजुरी गेली नाही हे पटलं. मशीन आली. ती मीच जोडली, पुढच्या खोलीत, जिथे व्यापारी येऊन बसतात तिथे.

मूर्ती फिरवून दाखवायची म्हणजे कॉम्प्युटरला एकेक चित्र तयार करावं लागतं, आणि त्यात प्रोसेसर पूर्ण पिळून निघतो. व्यापारी फार तर चहा पिईपर्यंत थांबतो. म्हणून मी वेग वाढवायचं ठरवलं. यात कसलीही चैन नव्हती. पहिल्यांदा व्होल्टेज "ऑटो"वर ठेवून पाहिलं. ऑटोवर मदरबोर्ड सढळ हाताने व्होल्ट वाढतो, गरज नसतानाही. मग हाताने सव्वा व्होल्टवर बांधलं आणि वेग एकेक पायरी चढवत गेले. एका पायरीवर चाचणी मध्येच कोसळली. तिथून दोन पायऱ्या खाली आले. त्या वेगाला सव्वाहून थोडं कमीही पुरत होतं, पण ते थोडं मी मुद्दाम गाठीला ठेवलं, कारण पेणचा उन्हाळा मला माहीत होता. वरची ती एक पायरी मिळवता आली असती. पण तेवढ्याशा वेगासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि व्होल्टेज जेवढं चढतं त्याहून कितीतरी जास्त उष्णता चढते. मशीन एका आठवड्यासाठी घेतली नव्हती. दिवसभर चाचणी लावली, तापमान सत्तरीच्या पुढे फारसं गेलं नाही, आणि मी पदर खोचून कामाला लागले.

नवरा बाजूला खुर्ची ओढून बघत बसायचा. तेव्हा आमचं बरं होतं. त्याने एकदा पडद्यावरचा आकडा वाचला आणि हसत सुटला.

"सव्वा व्होल्ट? अगो, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलला दीड असतात! एवढं महागाचं मशीन आणि याला सेलाएवढी पण लाईट नाय?"

मीही हसले. पण तो हसता हसता खरंच काळजीत पडला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. या माणसांचं सगळं आयुष्य कमी व्होल्टेजशी भांडण्यात गेलं आहे. संध्याकाळ झाली की ट्यूब पेटत नाही, रंग फवारायचा कंप्रेसर नुसता घुमतो आणि उठत नाही, पाण्याचा पंप जळतो, आणि मग कुणीतरी जाऊन स्टॅबिलायझरचं बटण एक घर पुढे सरकवतं. व्होल्टेज कमी म्हणजे वाईट, वाढलं म्हणजे जीव आला. एवढं एकच गणित त्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं होतं. मी त्याला समजावलं की इथे उलटं आहे, ही नखाएवढी जागा आहे आणि तिला सव्वाच पुष्कळ, जास्त दिलं तर आतून झिजते आणि झिजलेली दिसत नाही. तो "व्हय, व्हय" म्हणाला. आकड्यात शिरायचं कसं, तेही मी त्याला दाखवलं. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, मग तो पडदा येतो. मी रोह्याला गेलेली असताना काही अडलं तर बघता यावं म्हणून दाखवलं. त्या घरात ते बटण माहीत असलेली माणसं दोनच होती, एक मी आणि दुसरा तो.

पहिल्या हंगामात माझे तीन नमुने चालले. त्यानंतर एकदा जेवताना सासरे मला म्हणाले, "यंदा दसऱ्याला व्यापारी येतील तेव्हा तुझाच नवा नमुना पुढं ठेवायचा. ऑर्डर लागली तर पुढची खोली तुझी. घासकामाला मग दुसरी बाई बघू." सासऱ्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं. त्याच दसऱ्याला कारखान्याच्या चाव्याही माझ्या नवऱ्याकडे द्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. आदल्या वर्षी त्याने प्लास्टरचा एक अख्खा घाणा बिघडवला होता आणि सासऱ्यांनी त्याला कामगारांच्या देखत हाकललं होतं. तेव्हापासून तो बापासमोर उभा राहिला की त्याचे खांदे आपोआप खाली यायचे. तेव्हा एकाच दसऱ्यावर आमच्या दोघांचं सगळं अडकलेलं होतं.

उन्हाळ्यात वडिलांच्या मोतीबिंदूसाठी मी काही दिवस रोह्याला आले. परत गेले तर नवरा खूश. "मशीन झकास चाललंय," म्हणाला. मी म्हटलं, छान. त्यावर बोलणं संपलं.

मग पाऊस लागला, आणि सासऱ्यांनी एक दिवस दोन कामगारांना सांगून मशीन उचलून सुकवणीच्या खोलीत नेऊन ठेवली.

सुकवणीची खोली म्हणजे काय ते सांगते. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाहीत, म्हणून एक खोली बंद करून तिच्यात मोठाले दिवे लावतात. आत गेलं की अंग भाजतं. रॅकवर गणपती घाम न येता बसलेले असतात आणि आपण मात्र घामाने निथळतो. पुढच्या खोलीच्या भिंतींना ओल आली होती, ते खरं. सासऱ्यांनी आयुष्यभर एकच शत्रू ओळखला होता, दमट हवा. जे मूर्तीला जपायचं तेच मशीनला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"बाबा, हिला गारवा लागतो," मी म्हटलं.

"ओल लागली तर गंजंल ती. मला शिकवू नको गो. चाळीस वर्सं पावसात गणपती वाळवतोय मी."

"गणपतीच्या आत पंखा नसतो, बाबा."

कामगार हसले आणि सासरे दुखावले. शेवटी एक उभा पंखा मिळाला, एवढीच माझी जीत. पावसाचे दोन महिने मी त्या भट्टीत बसून काम केलं. प्रोसेसरचं तापमान नव्वदीला टेकायचं, आतला पंखा किंचाळायचा, चित्रं पूर्वीपेक्षा हळू निघायची. मी रोज सासऱ्यांशी भांडायचे आणि रोज खोलीला शिव्या द्यायचे. कारण समोरच दिसत होतं, मग दुसरं कशाला शोधा? व्होल्टेज मी स्वतः बांधलेलं होतं. ते परत जाऊन बघायचं माझ्या मनात आलं नाही. यात कुणाला माझी चूक दिसत असेल तर दिसो, मला दिसत नाही.

गणपती गेले. मशीन पुढच्या खोलीत परत आली. खोली गार होती, तरी तापमान हवं तेवढं उतरेना. त्यातच ती मधूनमधून गोठायला लागली. पडदा निळा व्हायचा आणि परत चालू व्हायची. मला वाटलं, दोन महिन्यांची धूळ असेल. उघडून साफ केली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. चार दिवस बरं गेलं. मी नव्या नमुन्यात बुडाले होते. बसलेला गणपती होता, एक पाय खाली सोडलेला आणि मांडीवर उताणा ठेवलेला हात. त्या हाताच्या बोटांवर मी इतका वेळ घालवला होता, की सासूने मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "कुणाचा तरी ओळखीचा हात वाटतो गो." मला त्या वाक्याचा इतका आनंद झाला की मी ते वडिलांना फोन करून सांगितलं.

दसऱ्याच्या आधी व्यापारी आले. नाशिकचे एक, मुंबईचे दोघे. चहा आला. सासऱ्यांनी स्वतः खुर्च्या पुसल्या. मी मूर्ती फिरवायला घेतली आणि पाव वेढा फिरली तोच पडदा निळा झाला. परत चालू केली, परत निळा. तिसऱ्यांदा चालू झाली तेव्हा फाईल उघडेना. मशीन फाईल साठवता साठवता कोसळली होती आणि फाईल अर्धवट राहिली होती. वेगळी ठेवलेली प्रत होती, पण ती जुनी, हात घडवायच्या आधीची. मी ती उघडून दाखवायला लागले. हाताच्या जागी नुसता गोळा होता. नाशिकचे व्यापारी घड्याळ बघत म्हणाले, "असू दे, पुढच्या फेरीला बघू." व्यापारी पुढच्या फेरीला म्हणाला की तो दुसऱ्या कारखान्यात शिरलेला असतो. पेणमध्ये कारखान्यांना तोटा नाही.

सासरे त्यांच्यासमोरच म्हणाले, "आमच्या सुनेनं कायतरी वाढवून ठेवलंय त्याच्यात. जास्त पळवायला गेली." आणि व्यापारी हसले.

मी मान वर केली नाही. माझी खात्री होती, मी जास्त काही वाढवलेलं नाही. पण चारचौघात सव्वा व्होल्टचा हिशोब कुणाला सांगणार? नवरा दाराला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझ्या अपमानाने पडला असेल. तेव्हा मी त्याच्याबद्दल असंच काहीतरी चांगलं धरून चालायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी असताना मी डिलीट दाबून आत शिरले. व्होल्टेजच्या पुढे एक पॉइंट पंचेचाळीस लिहिलेलं होतं.

मी आधी वाचलं, मग पुन्हा वाचलं. आकडा आपोआप चढणं शक्य नव्हतं, कारण मी तो बांधून ठेवला होता. कुणीतरी हाताने टाकला होता. पहिल्यांदा राग आला नाही, सगळा पावसाळा डोळ्यांसमोरून गेला. तो किंचाळणारा पंखा, ती नव्वदी, माझी सासऱ्यांशी रोजची भांडणं. मी खोलीवर आळ घेत होते आणि खोलीने फक्त आधीच पेटलेल्यात भर घातली होती. मी आकडा सव्वावर आणला. मशीन सुरूच होईना. वेग खाली, आणखी खाली, बनवणाऱ्याने दिला होता त्याच्याही खाली आणला तेव्हा ती कशीबशी उठली. जी सव्वावर दिवसभर पळायची तिला आता सव्वावर उभंही राहवत नव्हतं. झीज झाली ती झाली. ती मागे जात नाही.

नवऱ्याला हाक मारली. त्याला पडदा दाखवावाही लागला नाही.

"तू रोह्याला होतीस," तो म्हणाला. "मुंबईवाल्या व्यापाऱ्याला मूर्तीचा व्हिडिओ पाठवायचा होता आणि मशीन एकदा अडकली. लाईट खाली-वर होत होती त्या दिवशी. मला वाटलं, याला पुरत नसंल. दीड नाय केलं गो, दीडच्या खालीच ठेवलं."

दीडच्या खाली! यात त्याला स्वतःचा संयम दिसत होता.

"मला सांगितलं का नाही?"

"चालली ना ती! चालली म्हणून नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

हसले असते. मग हसून ते परत सव्वावर आणलं असतं आणि चहा केला असता. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो खुर्चीवर बसला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "बाबांना सांगू नको. प्लास्टरचं झालंय, आता हे कळलं तर ते चाव्या काय, मला कारखान्यात उभं नाय करणार. दसरा होऊ दे. मग मी आपल्या तोंडानं सांगतो."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. मला त्याची दया आली, आणि दयेच्या आत थोडं सुखही होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या एका शब्दावर या माणसाचं सगळं अवलंबून आहे, आणि मी तो शब्द गिळते आहे, याचं सुख. मी म्हटलं, "बरं."

दसरा झाला. सासऱ्यांनी चाव्या पूजेत ठेवल्या आणि मग त्याच्या हातात दिल्या. त्याने वाकून नमस्कार केला. मला सासरे काही बोलले नाहीत, नुसतं सासूकडून कळवलं, की नमुन्यांसाठी पनवेलचा एक डिझायनर आठवड्यातून दोनदा येईल. मी पुन्हा आडव्या दारातून मागे गेले, पॉलिश पेपर घेतला आणि जुन्या जागी बसले. शेजारच्या बायकांनी सरकून जागा दिली. त्यांनी काही विचारलं नाही, पण "मशीन जाळली हिनं" हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. गावातून कुणी माघी गणपतीसाठी पाट घेऊन मूर्ती सांगायला आलं की सासरे त्यांनाही ते सांगत, गंमत म्हणून. "आमची सून लई शिकलेली. एवढी, की मशीनच जाळलीन."

मी वाट बघत होते. दसऱ्यानंतर नवरा म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर म्हणाला, बाबांची तब्येत बरी नाही. मग मी विचारायचं सोडलं. तो सांगणार नाही हे मला कळलं होतं. तरीही मी बोलले नाही, कारण शब्द दिला होता आणि मला वाटत होतं, त्याचं बिचाऱ्याचं धैर्य होत नाही. आपण झाकून धरलंय म्हणून हा उभा आहे. जेवायला बसले की मी सासऱ्यांचे टोमणे ऐकायचे आणि समोर त्याच्याकडे बघायचे. तो भात कालवत असायचा. त्याला आतून किती लागत असेल, असा मी विचार करायचे. एवढं मूर्ख मला कुणी करू शकलं नसतं, माझी मीच झाले.

मधे एकदा रोह्याला आले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे काटा कुणी हलवला, हे ज्यानं हलवला तो सोडून सगळे सांगायचे." मला वाटलं, ते जुन्या आठवणीत गेले. मी त्यांना गोळ्या दिल्या आणि गाडी पकडली. निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली तरी माझ्या डोक्यात एकच होतं. आज परत विचारू का त्याला, की नको.

माघी गणपतीच्या सुमारास नवी मशीन आली. पनवेलच्या माणसाने आणली होती, त्याला तिचा वेग वाढवून हवा होता आणि स्वतः हात लावायची भीती वाटत होती. मागच्या मशीनची गोष्ट त्यालाही कळली होती. सकाळी सासऱ्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. सासू कोपऱ्यात वाती वळत होती. नवरा चाव्या बोटात फिरवत दारात उभा होता.

"हिचं ते व्होल्टेज बघून दे गो," सासरे म्हणाले. "सुरक्षित किती, ते तुला कळतं."

मी हातावरची पांढरी धूळ पदराला पुसली. मला त्या वाक्याने भडभडून आलं. तुला कळतं! चार महिने मला त्या लोकांच्या तोंडून हे ऐकायचं होतं, आणि ते इतक्या सहज, नळ दुरुस्त करायला सांगावं तसं आलं. तेव्हाच मी ठरवलं की आता बोलायचं. मी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बघते बाबा. पण आधी एक सांगते. मागच्या मशीनला मी सव्वाच दिले होते. पंचेचाळीसचा आकडा मी टाकला नव्हता. मी रोह्याला होते तेव्हा यांनी टाकला."

मी दम धरून थांबले. सासऱ्यांचा आवाज चढेल, चाव्या परत मागतील, काहीतरी होईल. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसला.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "त्यानं त्याच दिवशी सांगितलं. व्यापारी गेले आणि आला माझ्याकडं रडत. मीच म्हटलं, गप ऱ्हा. चाव्या द्यायच्या त्याच्या हातात, आणि बाजारात त्याचं नाव खराब करू? तुझं काय, तू घरातली."

सासूच्या मांडीवरची वात वळली जात होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी हिशोब लावला. व्यापारी गेले त्या दिवशी याने बापाला सांगितलं होतं. माझे हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, बाबांना सांगू नको म्हणाला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. ज्या भीतीपासून मी त्याला चार महिने वाचवत होते ती भीती त्याला नव्हतीच. मला गप्प ठेवायचं एवढंच एक काम त्या घरात त्याच्याकडे सोपवलेलं होतं, आणि ते त्याने नीट केलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी त्याला विचारलं. "बाबांना माहीत आहे, एवढं तरी?"

त्याने चाव्या फिरवायच्या थांबवल्या. तो लाजला नाही, चिडलाही नाही. मी काहीतरी उगाच अवघड करते आहे, असं त्याला खरंच वाटत होतं.

"सांगून काय करायचं होतं गो," तो म्हणाला, "तू तशी पण गप्पच होतीस ना."